पुलाच्या चढावरचा दम

जयवंता,

बिडी सोडली तशी सायकलनं मी सिटी बसले मागं टाकलं अन् ड्रायवरनं सलाम ठोकला, असं मी आख्ख्या नंदनवन वस्तीत सांगून राहिलो. तू तेवढी हसली नाही.

खरं सांगतो वं. आधी पुलाच्या चढावर बिडी पेटवायले उतरत होतो, म्हणून दम लागते हे कोणाले समजत नव्हतं. आता दीड महिना झाला, बिडी नाही, तरी तिथंच उतरतो. थकलो. म्हणून ऑटोनं छातीच्या डॉक्टरकडं चाललो. सायकल अंगणात दिसली तर घाबरू नको. पोराले फोन करू नको.

तू बुद्धविहारातून येईपर्यंत थांबलो नाही. समोर असती, तर पुन्हा थापच मारली असती.

शालिकराम