जे रोज जळतं ते

अकोला,
१४ मे

प्रिय शिवमदादा,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

आधी एक प्रश्न. तो माझा नाही, स्वप्निलचा आहे. दवाखान्यात पडल्यापडल्या त्याने विचारलं, "ताई, म्या तं कंडेन्सर हातात वजन पाहून घेतला. तू कायच्यावरून घेतला होता?"

स्वप्निल तुला आठवत असेल. पातूरचा मोटर दुरुस्त करणारा. माझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या उद्घाटनाला त्याने एकट्याने अर्धा डबा पेढे संपवले होते. गेल्या आठवड्यात एका बागेत पंपाच्या पेटीत त्याने माझ्याकडून नेलेला नवा कंडेन्सर लावला. मोटर थोडी चालली, मग गुणगुणायला लागली. तो वाकून पाहायला गेला आणि कंडेन्सर तोंडासमोर फुटला. उजव्या डोळ्याला पट्टी आहे. अमरावतीचे डॉक्टर म्हणतात, पट्टी सुटेपर्यंत दिसेल की नाही ते सांगता येत नाही.

घरी सगळे ठीक. आईने कुरड्या घातल्या, तुझ्या वाटच्या वेगळ्या डब्यात भरल्या. बाबा विचारतात, वरूडच्या तुझ्या संत्र्यांच्या पॅकिंग सेंटरवर यंदा काम किती आहे. मी सांगते, असेल बरंच.

दुकान लावलं तेव्हा मला सगळंच ठेवायचं होतं, आठवतं? प्रत्येक किमतीचे रेझिस्टर, डायोड, कॉलेजच्या पोरांच्या प्रोजेक्टसाठी सेन्सर. आपल्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, आता अकोल्यातल्या एकाही पोराला एका पार्टसाठी नागपूरला जावं लागू नये, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. दुकान तर एवढंसं, खण मोजके. तू दारात उभा राहून हसलास. "पोट्टे पाह्यतात अन् चालले जातात. जे रोज जयते ते ठेव. फ्यूज, रिले, कंडेन्सर. कंडेन्सर मी पाठवतो, दिल्लीचा माल हाये."

मी ऐकलं. कुठला पार्ट धूळ खातो आणि कुठला हातोहात जातो, ते दुकानात बसून शिकले. गणपतीच्या आधी एलईडी, उन्हाळ्यात फ्यूज, पहिल्या पावसानंतर रिले. पण बारा महिने रिकामा होणारा खण एकच, तुझ्या कंडेन्सरचा. म्हणून मी तो वाढवत गेले. आधी सेन्सर काढले, मग निम्मे रेझिस्टर. पोरं विचारायची, मी म्हणायची, खप नाही रे. आपल्याला धंदा कळायला लागला, याचा मला केवढा अभिमान होता!

मार्चमध्ये स्वप्निलच काउंटरवर हात आपटून म्हणाला होता, "काहून ताई, हा कंडेन्सर हाये का दुधाची पिशवी? रोज न्या लागते!" दुकानातले सगळे हसले. मीही हसले. दादा, मी हसले, आणि त्याला पुन्हा त्याच खणातला काढून दिला. तो खप नव्हताच. तीच माणसं, त्याच मोटरींसाठी, पुन्हा पुन्हा येत होती. माल चांगला म्हणून नाही, जळत होता म्हणून खण रिकामा होत होता.

त्याच्या प्रश्नावर मी पुटपुटले, "मीटर लावून पाहिला होता." खोटं नाही. प्रत्येक पेटीतले तपासत होते, आकडा बरोबर यायचा. पण मीटरला तो वीज किती साठवतो एवढंच कळतं. विजेचा किती दाब सोसेल, हे वर छापलेलं असतं आणि आपण ते खरं मानतो. कुणाच्या भरवशावर मानतो, हे मी स्वप्निलला तेव्हा सांगितलं नाही.

दवाखान्यातून आले आणि खणातला एक नवा कंडेन्सर करवतीने कापला. आत अंगठ्याएवढा दुसराच कंडेन्सर निघाला. साठवण तेवढीच, दाब सोसायची ताकद वर छापल्याच्या निम्मी. आणि त्याच्याभोवती ठासून भरलेली माती. काळी, भेगाळलेली, बोटाला चिकटणारी. ती कुठली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आपण त्याच मातीत खेळलो.

आपल्याकडचे मिस्त्री कंडेन्सर तळहातावर तोलून घेतात. जड लागला की अस्सल. दिल्लीत बसलेल्या माणसाला हे कसं माहीत असणार? ज्याने हे केलं, त्याला आपल्या लोकांचा तळहात माहीत होता.

तरीही मी म्हटलं, नाही. माती काय, कुठेही असते. दुसरा कापला, तिसरा कापला. तिसऱ्यातल्या मातीत संत्र्याची एक बी होती.

मी काउंटरमागे खाली बसले. गिऱ्हाईक आलं, हाका मारून गेलं.

संक्रांतीला मी वरूडला आले होते, तेव्हा पॅकिंग सेंटरच्या मागच्या पडद्याआड तू मला जाऊ दिलं नाहीस. "तिकडे घान हाये, साडी भरंन," म्हणालास. त्याच पडद्यामागून जमुनाकाकू चहा घेऊन आल्या. मी त्यांना तिळगूळ दिला. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते. संत्री निवडणाऱ्या बाईचे हात असे कसे, असं क्षणभर वाटलं, आणि मी ते विसरले. विसरले की विसरून टाकलं, तेही आज मला सांगता येत नाही.

तू मला शिकवलंस. बारावीनंतर स्वतःचं थांबवून पेट्या उचलल्यास आणि माझी फी भरलीस. हे मी कधी विसरणार नाही, आणि त्यामुळेच तीन दिवस गप्प राहिले. तुला फोन करत होते तो ओरडायला नाही. तू "मला माहीत नव्हतं" एवढंच म्हणाला असतास, तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. तू फोन उचलला नाहीस.

म्हणून आता सांगते ते झालेलं आहे, विचारत नाही. तो खण रिकामा केला. ओळखीच्या प्रत्येक मिस्त्रीला फोन करून लावलेले कंडेन्सर काढायला सांगितले. काल सकाळी कापलेले तिन्ही पिशवीत घालून पोलीस ठाण्यात गेले. माल विकणाऱ्याचं नाव विचारलं, मी माझं लिहिलं. माल पुरवणाऱ्याचं विचारलं. तेही लिहिलं. शिवम खुशालराव निंघोट. बाबांच्या नावासकट, पूर्ण.

तिथून दवाखान्यात जाऊन स्वप्निललाही त्याचं उत्तर दिलं: माझ्या भावाच्या भरवशावर. तो भिंतीकडे वळला.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते तू येऊन सांग. कुरड्यांचा डबा आईने दाराजवळच ठेवला आहे.

तेच नाव मधे लावणारी तुझी बहीण,
आकांक्षा खुशालराव निंघोट