नवी गिटार की वापरलेली

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा आहे तसाच आहे आणि माझा खोकलाही. फोनच केला असता, पण तिसऱ्या वाक्याला माझा आवाज चढतो हे तुला माहीत आहे, आणि या वेळी आवाज चढवून चालणार नाही. विषय एकच, इलेक्ट्रिक गिटार. हसू नकोस. अठरा तारखेला तुझा कार्यक्रम, सोळाला तू येणार, आणि त्याआधी मला एक चांगल्यातली गिटार निवडायची आहे. तुझी स्वतःची एक आहे हे मी विसरलेलो नाही. तिचं पुढे सांगतो, मध्येच घाई करू नकोस.

अकरा दिवस झाले, मी दुकानं पालथी घालतोय. जेवण झालं की पॉलिशच्या खोलीचं शटर अर्धं ओढायचं आणि निघायचं. पहिल्या दुकानात शिरलो तर काउंटरवरच्या बाईने आधी माझी नखं पाहिली. चौतीस वर्षांच्या स्पिरिटने आणि लाखेने ती तपकिरी झालीत, साबणाने जात नाहीत. म्हणते, "काका, हात न लावता बघा हं." अगं, लोक माझा हात लागावा म्हणून आपली आजीच्या वेळची कपाटं टेम्पोत घालून माझ्याकडे आणतात, आणि ही मला हात लावू नका म्हणते! मी तडक बाहेर आलो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो, कारण गरज मला होती.

नव्या गिटारींचं असं आहे की जी खरी, मूळ कारखान्याची, ती आपल्या आवाक्याबाहेर. तुझी आई आणि मी मिळून जो आकडा ठरवला, त्यात तिची धाकटी बहीण येते. डोक्यावर, खुंट्यांपाशी, नाव जवळपास तेच, रंग तोच, पण कारखाना दुसरा. बाईची पाठ वळल्यावर मी कडेला नख लावून पाहिलं. वर देखण्या लाकडाचा कागदाएवढा पापुद्रा आणि खाली तीन फळ्या जोडलेल्या. असल्या कामाला आमच्याकडे वरून बंगला, आतून खुराडा म्हणतात. मी तसं बोलून दाखवलं, तर ती म्हणाली की आवाजाला त्याने फारसा फरक पडत नाही. पडतो की नाही, ते मला कुठे कळतंय? तिथेच तर सगळं घोडं अडलंय.

मग वापरलेल्या बघायला गेलो. म्हटलं, जुनं ते सोनं, त्याच पैशात थोरली बहीण मिळेल. आणि इथे माझं डोकं फिरायची वेळ आली. माझ्या धंद्यात ओरखडा दिसला की गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. यांच्या धंद्यात ओरखडा दिसला की दुकानदार भाव चढवतो! एका गिटारीची अर्धी कातडी सोललेली, पाठीवर पट्ट्याच्या बक्कलाने ओरबाडलेलं, सिगारेटचा डागसुद्धा होता. ती सगळ्यांत महाग. शेजारची स्वच्छ, नीट ठेवलेली, ती स्वस्त, कारण ती म्हणे मध्ये कधीतरी नव्याने रंगवली आहे. त्याहून कहर पुढे आहे. कोरी करकरीत गिटार मुद्दाम घासून, ठेचून, जुनी दिसेल अशी करून विकतात, आणि त्या ठेचण्याचे वेगळे पैसे घेतात. मी आयुष्यभर उलट काम करत आलो गं. तिथे उभ्या उभ्या मला असं वाटलं की चौतीस वर्षं मी लोकांचं नुकसानच करत होतो की काय.

तू तुझी गिटार घरी आणलीस तो दिवस मला सारखा आठवतो. तीन वर्षं पगारातून बाजूला काढून तू ती घेतलीस, आणि पेटी उघडून दाखवलीस तेव्हा मी काय म्हणालो? "एवढ्यात नवी आली असती, हे भंगार कशाला उचलून आणलंस?" तू पेटी बंद केलीस आणि आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोललीस. तुझी आई म्हणाली, "तुम्हाला कळत नाही तिथे गप्प बसायला काय घेता?" मी गप्प बसलो नाही. तू आत वाजवायला लागलीस की मी बाहेरून "दार लाव" म्हणायचो. तुझ्या एकाही कार्यक्रमाला आलो नाही, असं तुला वाटतं. एकदा आलो होतो. शेवटच्या रांगेत, खांबाआड. शेजारी बसलेला कोणीतरी आपल्या बायकोला म्हणाला, "पोरगी बरी वाजवते, पण गिटार बघ कुठली, कचऱ्यातली." मी मध्यंतरातच उठून आलो. मला लाज वाटली. तुझी नाही, माझी वाटली. पॉलिशवाल्याची मुलगी, आणि तिच्या हातात असलं लाकूड.

आता मूळ गोष्टीवर येतो, कितीही टाळलं तरी यावंच लागणार. नोकरीसाठी बाहेरगावी जाताना, तिथल्या दमट हवेत ती खराब होईल म्हणून, तू गिटार माझ्या हवाली करून गेलीस. "कोरड्या जागी ठेवा, बाकी काही करू नका" म्हणालीस. दोन वर्षं मी काही केलं नाही. कार्यक्रमाचं कळलं आणि माझे हात शिवशिवले. मला गाण्यातलं कळत नाही, लाकडातलं कळतं. म्हटलं, मुलीसाठी आपल्याला जे येतं ते करावं. धातूचं सगळं उतरवलं. पॉलिश पेपरने जुनं वार्निश साफ काढलं, तुझ्या कोपराने उघडं पडलेलं लाकूड एकसारखं केलं, केसासारख्या भेगा होत्या त्या घालवल्या. लाखेचे नऊ हात दिले, तारा दाबतात त्या गळ्यालासुद्धा. आणि डोक्यामागे एक आकडा दाबलेला होता तो घासून, भरून, सपाट केला. गिऱ्हाइकाच्या सामानावर गोदामाचा आकडा राहू द्यायचा नाही, ही माझ्या खोलीतली पहिली शिस्त आहे. मला तो गोदामाचाच वाटला गं. खोटं कशाला सांगू, काम इतकं सुरेख झालं की मी तुझ्या आईला हात धरून दाखवायला आणलं. मग तारा चढवायला गिटारी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेलो. त्याने पेटी उघडली, गिटार उलटी केली आणि डोक्यामागे अंगठा फिरवला. मग म्हणाला, "काका, हे कोणी केलं?" मी छाती काढून सांगितलं, मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. त्याने सगळं समजावलं. तो आकडा हाच ती अस्सल असल्याचा पुरावा होता, आता तिला अस्सल म्हणून कोणी दारात उभं करणार नाही. गळा हाताला चिकटतो, बोटं सरकत नाहीत. खरवडता येईल, पण तुझ्या हाताने तो जसा झाला होता तसा परत होणार नाही.

म्हणून ही अकरा दिवसांची वणवण. तू यायच्या आत तशीच दुसरी आणून ठेवायची आणि मग सांगायचं, असा माझा बेत होता. काल शेवटच्या दुकानात एक वयस्क माणूस भेटला, सरळ बोलणारा. त्याने आपल्या आकड्यात बसतील अशा दोन गिटारी काढल्या, एक नवी, एक वापरलेली, आणि विचारलं, "मुलगी वाजवते काय? कशा तऱ्हेचा आवाज लागतो तिला?" सतरा वर्षं, आधी मागून आणलेल्या गिटारीवर आणि मग तुझ्या, तू भिंतीपलीकडे वाजवत होतीस आणि मला सांगता येईना. राग दुकानांचा नव्हता, भिंगरी, राग माझा मलाच येत होता. दोन्ही गिटारी त्याने वीस तारखेपर्यंत बाजूला ठेवल्या आहेत. तू सोळाला न येता पंधराला ये. कार्यक्रमाला पेटी उघडून सगळ्यांसमोर तुला कळू नये म्हणून हे आधी लिहिलं. तुला जे बोलायचं ते मला बोल, मी मान खाली घालून ऐकेन. आणि मग त्या दुकानात चल. तू दोन्ही वाजव, पाहिजे तितका वेळ. मी समोर स्टुलावर बसतो. या वेळी दार लाव म्हणणार नाही. मला ऐकायचं आहे.

तुझाच, चुकलेला,
बाबा