घरावर तोफ डागायची नाही

मी, गोदावरी यज्ञेश्वर भाटे, वय एकसष्ट, राहणार नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर व मागची नारळ-सुपारीची वाडी यजमानांनी मला लिहून दिली होती. ती दोन्ही माझी एकुलती मुलगी कुमुद हिला मिळावीत. ती दादरला शाळेत शिकवते. वाडी विकावीशी वाटली तर विकावी. माझ्यासाठी जीव अडकवून घेऊ नये. पाटल्या व मोहनमाळही तिचीच.

२. पडवीतले मोठे टेबल, शिशाचे एकशे बारा शिपाई, चार तोफा, फासे व नियमांची वही हे सर्व गुणाजी कोंडाजी घरत यांना द्यावे. घरच्यांना हा पोरखेळ वाटतो, म्हणून खुलासा करते. गुणाजी पलटणीतून इटलीत लढून आला. तिथे साहेबलोक टेबलावर वाळूचे डोंगर करून लढाई मांडत, ते त्याने पाहिले होते. आमचे हे इतिहासाचे शिक्षक. १९४९ साली दोघांनी चौल-रेवदंड्याकडच्या जुन्या लढाया टेबलावर मांडायला घेतल्या. हे फिरंग्यांकडून, गुणाजी मराठ्यांकडून. दर रविवारी. रंगकाम माझ्याकडे.

३. फिरंगी सावकाराचे दुमजली घर. यांनी ते टेबलावरच्या लढाईसाठी सागाच्या फळकुटांचे केले, हातभर लांब. रंग खरा हवा म्हणून मी रेवदंड्याच्या कोटातली पडकी भिंत नखाने खरवडली. पांढऱ्याखाली पिवळा निघाला. मग चुन्यात पिवडी आणि डिंक घालून भिंती रंगवल्या, कौलांना गेरू लावला. पुढे यांना वेढ्यात जळलेले घर हवे झाले, तेव्हा मी सगळीकडे काजळी फासली.

गुणाजीने पाहिले आणि म्हणाला, "वयनी, जळलेलं घर आख्खं काळं न्हाय होत. खिडकीच्या वरती तेवढं काळं. आग भायेर निघते ना, तिथं." मग म्हणाला, "कान्हा माझा पलटणीतला जोडीदार. दोघं असल्याच घरात लपलो होतो. मी पाणी आणाया गेलो, तेवढ्यात."

हे म्हणाले, "लढाई म्हटली की घर जळणारच, गुणाजी."

तो उठून गेला. तीन रविवार आला नाही. मी काजळी खरवडली, घर पुन्हा पिवळे केले, खिडक्या उघड्या रंगवल्या, वरच्या सज्जात दोरी बांधून चिंध्यांचे कपडे वाळत घातले. मग नियमांच्या वहीत लिहिले, घरावर तोफ डागायची नाही.

हे चिडले. "मग आत लपलेल्यांना हरवायचं कसं?"

"दार वाजवा," मी म्हटले.

हे हसले, आणि चप्पल घालून स्वतः गुणाजीला आणायला गेले.

४. १९५८ साली हे गेले. गुणाजी येईनासा झाला. धाकटे दीर भाऊ मला म्हणाले, "विधवेच्या घरी परका पुरुष आणि फासे? वहिनी, शोभतं का?" मी ते घर टोपलीत घातले आणि भर सकाळी बाजारातून चालत गुणाजीच्या अंगणात नेले. त्याची बायको केसर धान वाळवत होती. "वयनी, ह्ये काय?" तिने विचारले. "फिरंग्यांना माणूस उरला नाही. मी खेळेन," मी म्हटले. गुणाजी आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. केसरने धान बाजूला सारून जागा केली. तेव्हापासून रविवार तिथेच; शिपाई-फासे मी टोपलीतून नेते-आणते. केसरही शिकली. फासे टाकताना ती लबाडी करते, हे मी पाच वर्षांत बोलले नाही. आता लिहून ठेवते.

ते घर केसरला द्यावे. त्याला बाजारचा तेलरंग कधीही लावू नये.

५. भाऊंना यांची चांदीच्या मुठीची काठी द्यावी. ते बोलले त्याचा राग नाही. विसर मात्र पडलेला नाही.

६. माझ्या तेराव्याला गोडाचे जेवण होईल. त्या दिवशी गुणाजी आणि केसर यांची पाने माजघरात, कुमुदच्या शेजारी मांडावीत. भाऊंना चालत नसेल, तर भाऊंचे पान अंगणात मांडावे. वाढपात कमी करू नये.

याची अंमलबजावणी कुमुदने करावी.

सही: गोदावरी यज्ञेश्वर भाटे

आमच्या देखत बाईंनी वाचून सही केली, आम्ही त्यांच्या देखत केली:
१. चांगदेव बाळाजी राऊत, शिक्षक
२. नलू मोरेश्वर जोगळेकर, शेजारीण

नागाव, रविवार, ३ फेब्रुवारी १९६३