सपाट जागेवरचा उलिव्हो

फोयानो, १४ मार्च

प्रिय बाबा,

मी मजेत आहे, गायीही मजेत आहेत. तुमचं कंबरेचं हाड कितपत जुळलं? ज्युदित्ता आत्याच्या हातचं अळणी सूप मुकाट्यानं पिता, की तिथेही कुरकुर चालूच?

मंगळवारी वळू निवडणारे परीक्षक येऊन गेले. तुम्ही रोज फोन करता आणि मी ‘आवाज येत नाही’ म्हणून ठेवून देते. आवाज चांगला येतो. आपला उलिव्हो वळू म्हणून पास झाला तर अरेत्सो शहरातली नोकरी सोडून गोठा सांभाळेन, नाहीतर गायी विकू, असं नाताळात मीच म्हणाले होते. तुमचा जीव टांगणीला लागलाय, कळतं मला. पण आधी त्या माणसाचं पाहणं कसं होतं ते सांगते, मला अजून त्याचं नवल वाटतंय.

मान्नेल्ली त्यांचं नाव. शेजारच्या दुइल्योनं दावं धरलं होतं. एवढा पांढराशुभ्र गोऱ्हा, पण त्याच्या तोंडाकडे ते बघेचनात. लांब मागे जाऊन चक्क गुडघ्यांवर बसले.

“साहेब, तोंड या बाजूला आहे हो!” दुइल्यो म्हणाला.

“तोंड लग्नाच्या वेळी बघायचं. मांस मागे असतं.”

मग उलिव्होच्या मागच्या पुठ्ठ्यात बोटं रुतवली आणि माझाही हात तिथे ठेवायला लावला. चरबी दबते, मांस बोट परत ढकलतं. जन्म गोठ्यात गेला, पण हे मला कधी कोणी दाखवलं नव्हतं! मांड्या भरीव, खूर घट्ट, जीभ हवी तशी काळी. मी मनातल्या मनात सामान आणायला अरेत्सोला निघालेसुद्धा होते.

“आता याला सपाट जागेवर घ्या,” ते म्हणाले.

हौदाजवळ उभा कर, पुढचे पाय चढावर ठेव, असं तुम्ही बजावलं होतंत. तसाच केला होता. सपाटीवर चालवला, तर चढावर सरळ दिसणारी पाठ खांद्यांमागे खोलगट.

“तुम्हाला काय दिसतं?” त्यांनी मला विचारलं. दुइल्यो डोळे वटारून गप्प बस म्हणत होता.

मी म्हणाले, “पाठ खचलीय. वजन वाढलं की आणखी खचेल. वासरांतही उतरेल.”

उलिव्हो नापास झाला, बाबा. आता तो खाटकाकडेच जाईल. मी खूप रडले.

“पोरी, जरा जीभ आवरली असतीस तर!” दुइल्यो म्हणाला. जीभ आवरून पाठ सरळ होते का?

तुम्हाला हे ठाऊक होतं. नाहीतर चढ कशाला सुचला असता? आधी मला संताप आला. मग वाटलं, मान्नेल्लींसारख्या माणसाला चढानं फसवता येत नाही, हे तुम्हाला कळत नाही असं थोडंच आहे! तो चढ माझ्यासाठी होता, मला ती पाठ सरळ दिसावी म्हणून. मी परत अरेत्सोला जाऊ नये असं तुम्हाला वाटत होतं, तर तोंडानं सांगायचंत ना.

त्या दिवसापासून दिसेल त्या जनावराच्या मागे जाऊन मी उभी राहते, दुइल्योच्या गाढवाच्यासुद्धा. तो म्हणतो, लाथ खाशील. आपल्या दोन लहान गोऱ्ह्यांच्या पाठी मला सरळ वाटतात, पण खात्री नाही. तुम्ही बघून सांगा, आणि खरं तेच सांगा.

गायी घ्यायला गिऱ्हाईक आलं होतं. परत पाठवलं. राजीनामा काल दिला.

उलिव्हो नसतानाही इथेच राहणारी,
तुमची ओर्नेला