भोंगा वाजला तेव्हा मी पान एकशे ऐंशीवर होतो

बोईसर, गुरुवार

ती. नागोराव दाजींना कैलासचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरते, कारण पुढे येईलच.) अक्काचे गुडघे, तुमची साखर आणि तुमचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला "बरं, ठेव आता" यापलीकडे जाऊ देत नाही, आणि आज मला बरंच पुढे जायचं आहे.

तुमचा निरोप मिळाला. आमच्या स्वराने तुमच्या स्नेहाला जगबुडीच्या प्रेमकथांचा नाद लावला, ती पुस्तकं तुम्ही जप्त करून लोखंडी पेटीत घातली, आणि मीही माझ्या घरात तेच करावं, असा तुमचा हुकूम. दाजी, तुमचा शब्द मी कधी मोडलाय? त्याच दिवशी स्वराचं कपाट तपासलं. तसल्याच एका कादंबरीचे दोन जाडजूड भाग निघाले. पण आत काय आहे ते न बघता माल ताब्यात घेणं माझ्या नियमात बसत नाही, म्हणून पहिलं पान उघडलं.

जग संपलेलं असतं. हवा विषारी. शहराभोवती भिंत, भिंतीच्या आत एक मुलगी. तिने काय शिकायचं, कुणाशी लग्न करायचं, हे एक मंडळ ठरवतं. भिंतीच्या बाहेर एक मुलगा, ज्याला केस कापायला सवड मिळालेली नाही. एके दिवशी वायू सुटतो, आणि ही बया वारा जिकडे वाहतोय तिकडेच पळत सुटते! माझं डोकंच फिरलं. मी अकरा वर्षं कारखान्याच्या सुरक्षा समितीत आहे. वायू सुटला की वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी बघायची आणि वाऱ्याला आडवं चालायचं, हे आमच्या गेटवरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. लेखिकेच्या आणखी चुका काढाव्यात म्हणून पेन्सिल घेऊन बसलो. तेवीस सापडल्या. अख्ख्या शहराला जमायला एक असेंब्ली पॉइंट नाही, दाजी! पुढे तर तो मुलगा स्वतःचा मास्क काढून तिच्या तोंडाला लावतो. साफ चूक. आधी आपला मास्क, मग दुसऱ्याचा, हे मी दरवर्षी नव्या पोरांना घसा फोडून सांगतो. त्या ओळीखाली जोरात रेघ मारली, आणि मग चष्मा पुसावा लागला. (सुगंधा म्हणाली, कांदा मी चिरतेय, तुम्हाला काय झालं?)

तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी कारखान्यात मॉक ड्रिल होतं. कामगारांना वेळ सांगायची नसते. मला माहीत होती, कारण ती मीच ठरवली होती. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या पिंपांच्या शेडमागे दुसरा भाग घेऊन पाच मिनिटं टेकलो. पान एकशे ऐंशीवर भिंतीवरचा भोंगा वाजायला लागला, ती फाटकाकडे धावली, आणि मी मनात म्हटलं, बाई, आता तरी वारा बघ. तिकडे सगळे कामगार जमले, हजेरी झाली, एकच माणूस कमी भरला, तोही सुरक्षा समितीचा. शोधपथक निघालं. पाठीवर सिलिंडर आणि तोंडावर मास्क लावलेले चौघे समोर उभे राहिले तेव्हा, खरं सांगतो, मला वाटलं भिंतीबाहेरचेच आले. त्यातला दांडी गावचा अंकुश मास्क सरकवून म्हणाला, "कैलासदादा, डोले मिट. तू बेसुद हाय. आता उठाचं नाय." सापडलेल्या माणसाला चालू द्यायचं नाही, स्ट्रेचरवरूनच आणायचं, हा नियमही माझाच. वाटेत अंकुशच्या हातातून एक दांडा निसटला (कंबरेचं कारण हेच). साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, भोंगा ऐकू आला नाही का? मी पडूनच म्हणालो, "आला साहेब, पण मला वाटलं पुस्तकातला आहे."

घरी कळल्यावर स्वरा पोट धरून हसली. मग तिने माझ्या पेन्सिलीच्या खुणा वाचल्या, तेवीसच्या तेवीस, आणि सुरक्षा सप्ताहात कामगारांच्या मुलांची स्पर्धा असते तिच्यासाठी एक गोष्ट लिहिली. तिची नायिका चिंचणीची आहे. वारा समुद्रावरून येतोय हे बघून ती किनाऱ्याकिनाऱ्याने चालते, आधी स्वतःचा मास्क लावते, मग त्याचा. पहिला नंबर आला, दाजी! गोष्ट सूचनाफलकावर लावलीय, माझ्या स्ट्रेचरवरच्या फोटोशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मी दोन्ही दाखवतो. पोरीच्या नावावर नजर पडली की ऊर भरून येतो, मग शेजारच्या फोटोचं काही वाटत नाही.

एकदा तिला विचारलं, जग बुडालेलं वाचून तुम्हा पोरींना सुख कसलं मिळतं? म्हणाली, "पप्पा, तिथे सगळं बुडालंय, तरी तो तिला विचारतो, तुला काय वाटतं. इथे सगळं शाबूत आहे, पण विचारतं कोण?" तिला सायन्सला घातलं तेव्हा मी तरी कुठे विचारलं होतं? म्हणून मग विचारलं. दीड तास बोलत होती. एवढं साठलेलं असेल याची मला कल्पनाच नव्हती.

अक्काला नमस्कार, स्नेहाला आशीर्वाद.

तुमचा (अजून तरी) आज्ञाधारक,
कैलास

ता. क. : बारावीचा निकाल लागायच्या आधीच स्नेहाला बघायला पाहुणे येणार, असं अक्काने सुगंधाला सांगितलं. मेहुण्याने यात बोलू नये, म्हणून मी बोलत नाही.

ता. क. दुसरा : खरं काम वेगळंच आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी मंडळाचा प्रमुख फाटकात उभा राहून त्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा विचारतो, "तुला काय हवंय?" आणि तिथेच पुस्तक संपतं! तिसरा भाग फक्त स्नेहाकडे, म्हणजे तुमच्या पेटीत. इकडे मी, स्वरा आणि अंकुश (त्यानेही दोन्ही भाग माझ्याकडून नेऊन वाचले) तिघेही खोळंबलोय. पोस्टाने लावून द्या. पेटी उघडायची नसेल, तर निदान स्नेहासमोर बसा आणि तिलाच विचारा, तुला काय हवंय? तिसरा भाग तिने दोनदा वाचलाय. उत्तर तिला पाठ असणार.