तुझी स्क्रिप्ट दुरुस्त झाली

प्रिय शहाण्या,

तुझी स्क्रिप्ट सुधारून सोबत पाठवलीय. नोकरी सोडून आईजवळ घरी बसलेल्या बहिणीने केली, हे साहेबांना सांगू नकोस. तुझीच म्हणून खपव, सवय आहेच.

चूक कुठे होती ते तरी वाच. तू शाखेतल्या राऊटरला ऑफिसात बसून कमांड पाठवायचास आणि त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत पुढची सोडायचास. लॉगमध्ये अर्धवट उत्तर पडायचं, आणि त्याखाली तू 'काम झालं' लिहून मोकळा. राऊटर तिकडे बंद पडलेला असला तरी झालंच. आता स्क्रिप्ट प्रत्येक कमांडनंतर थांबते, राऊटर काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते, आणि तो गप्प राहिला तर 'उत्तर नाही' असं लिहून पुढच्या शाखेकडे वळते. पासवर्डही आत उघडा ठेवला होतास, गाढवा. तो काढलाय.

हे सगळं आईच्या उशाशी बसून केलं. शेजारी ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर. तुझं काम म्हटलं की तिचा चेहरा फुलायचा. तिचं हगणंमुतणं काढणाऱ्या माझ्यासाठी तो कधी फुलला नाही, आणि याचा मला राग आहे.

रविवारी तुझा फोन आला. आई कशी आहे, मी यायला हवं का, असं विचारलंस आणि मी तोंड उघडायच्या आत, स्क्रिप्ट शुक्रवारपर्यंत हवी म्हणून ठेवूनही दिलास. मुलाला बोलावून घ्या, असं डॉक्टर त्याच सकाळी सांगून गेले होते. तू येऊ का विचारत होतास, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग ये म्हण ना त्याला." मी हो म्हटलं आणि तुझी स्क्रिप्ट उघडली.

आई बुधवारी गेली. सगळं उरकलं. जाईपर्यंत ती दाराकडे डोळे लावून होती, आणि तुला कळवलंय असं मी दर वेळी सांगत होते. तिची दया आली, पण तुला फोन करावासा वाटला नाही. आता रजा टाकून धावत येऊ नकोस. खोली धुऊन झाली, पलंगही देऊन टाकला. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येईनात. मलाच तुझ्या नावाने हाका मारायची. मी ओ दिली नाही.

अजूनही तुझीच,
ताई