नळी निघेपर्यंत

१२ नोव्हेंबर

नवऱ्याचं फुप्फुस मिटलं! खोकता खोकता. या माणसाचं एरवीही काही धड उघडं नसतंच.

दादांचा, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाचा, फोन आला. "अगं, तुझ्याशिवाय त्याला आहे कोण?" वर्ष झालं मी माझ्या ताईकडे राहते, हे ते सोयीनं विसरले. तुम्ही आहात की, दादा! पण दादांना सल्ला देता येतो, बेडपॅन नाही.

गेले. अपघात विभागात एका कोवळ्या डॉक्टरनं त्याच्या फासळ्यांमधून नळी घातली. हा असा ओरडला की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या पाण्याच्या बाटलीत. खोकला की बुडबुडे. "अडकलेली हवा निघतेय," डॉक्टर म्हणाला. "बुडबुडे थांबले, फुप्फुस पूर्ण फुललं, की नळी काढू. मग घरी."

मी त्याला तिथल्या तिथे सांगून टाकलं — नळी निघेपर्यंत मी आहे. पुढचं तुझं तू बघ.

त्यानं मान हलवली. मी घर सोडलं तेव्हा हा टीव्हीचा रिमोट शोधत होता. आज निदान मान हलली. प्रगती आहे!

१४ नोव्हेंबर

दादा येऊन गेले. बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "बुडबुडे येतायत म्हणजे इंजिन चालू आहे!" शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनाही ज्ञान वाटलं. जाताना मला — "झालं गेलं विसर. संसारात भांड्याला भांडं लागायचंच."

लागायला दोन भांडी हवीत. इथे एक कायम पालथं.

नवरा खिडकीबाहेर बघत होता. माझा विषय निघाला की याला खिडकी लागते.

१६ नोव्हेंबर

बुडबुडे थांबले. मोठे डॉक्टर खूश. नळी उद्या काढणार. ताईला कळवलं, उद्या जेवायला घरी आहे. त्याचे केस विंचरून दिले. का, कोण जाणे.

१७ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा बुडबुडे! एक्स-रे काढला, तर फुप्फुस परत मिटलेलं. पलंगाच्या कडेशी दोन नळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. तिथली चिकटपट्टी सुटून जोड सैल झाला आणि बाहेरची हवा आत ओढली गेली.

सिस्टरला सगळ्यांदेखत बोलले. "एवढी पट्टी लावता येत नाही?"

"मी घट्ट लावली होती, मॅडम."

"मग काय ती चालत गेली?"

मेट्रननं तिला बाजूला नेलं. परत आली तेव्हा नाक लाल होतं. मला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण दाबलं.

"पगार कशाचा घेतात ही माणसं?" मी त्याला म्हटलं. हा डोळे मिटून पडलेला. मतच नाही! स्वतःच्या फुप्फुसाबद्दलही मत नाही.

२० नोव्हेंबर

काल पुन्हा "उद्या काढू" ठरलं, आज पुन्हा जोड सैल. मोठे डॉक्टर कोवळ्यावर ओरडले, कोवळा सिस्टरवर, सिस्टर वॉर्डबॉयवर. वॉर्डबॉयला कुणी मिळालं नाही, म्हणून त्यानं स्टुलाला लाथ घातली. अशा लोकांच्या हाती जीव द्यायचा!

२२ नोव्हेंबर

ताप. बाटलीत पिवळट, घट्ट काहीतरी उतरतंय. पू! जोड सारखा उघडा राहिला, जंतू आत गेले. औषधांना दाद दिली नाही तर छाती उघडून साफ करायची. "धोका कितपत?" मी विचारलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "बघू." एवढं शिकून हे — बघू.

दादा म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं, दुसरीकडे न्या." कधी म्हणालात? इंजिनाच्या आधी की नंतर?

तो थंडीनं थडथड उडत होता. मी हात धरला. नंतर त्याला झोप लागली तरी मी सोडला नाही. हे इथेच राहू दे. ताईला सांगायचं नाही.

२३ नोव्हेंबर

ताप तसाच. मरू नकोस रे. तुझ्यावर अजून माझं रागावून झालेलं नाही.

२६ नोव्हेंबर

ताप उतरला. ऑपरेशन टळलं! दादांनी पेढ्यांऐवजी उपदेश वाटला.

३० नोव्हेंबर

बाटलीतलं पाणी स्वच्छ. एक बुडबुडा नाही. एक्स-रे चांगला. नळी उद्या सकाळी, नक्की.

तीच सिस्टर आली. जोडावर पट्टी गुंडाळली, वरून अजून एक गुंडाळली. "बघून घ्या, मॅडम." टोमणा होता. मी बघून घेतलं. आज पट्टी सुटली तर बाईची नोकरी घालवीन, असं ठरवूनच बघितलं.

३० नोव्हेंबर, दुपारी

थर्मास धुऊन आले तर पडदा अर्धा ओढलेला. तो कुशीवर. हात चादरीबाहेर. नखानं पट्टीचं टोक खरवडत होता. हळूहळू, जीव लावून.

"मरायचंय का तुला?"

"नाही."

"मग?"

आज खिडकीकडे वळला नाही. बाटलीकडे बघत म्हणाला, "उद्या काढणार म्हणाले ना."

नवी पट्टी मागायला गेले. "परत सुटली?" सिस्टरनं विचारलं. तिचा चेहरा पडला होता.

"नाही," मी म्हटलं. "सुटली नव्हतीच कधी. माझ्या माणसानं काढली."